पाटी नसलेल्या वाटा

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, दक्षिणेकडील गोपुरें, निदान माथेरानची लहानगी आगगाडी तरी उभी राहते. आम्ही आज जो प्रवास सांगणार आहों त्यासाठीं ना वळकटी बांधावी लागली, ना दशम्यांचे डबे भरावे लागले. मुलुंडच्या आमच्या राहत्या घरापासून लोकलगाडीनें तास-दीड तासाच्या टापूंत तो सारा आटोपला. तेथें पाहण्यासारखें म्हणाल तर जवळजवळ कांहींच नव्हतें. असें असूनहि, गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कुटुंबास इतक्या दूरचा प्रवास घडला नव्हता, असें आम्हांस वाटतें.

त्याचा उगम एका रविवारीं आमच्या दारांतच झाला. ११ मार्च २०१८ रोजीं शेतकऱ्यांचा पायीं मोर्चा ठाण्याहून मुंबईंत शिरला. ६ तारखेस नाशिकहून निघालेलीं तीं माणसें सुमारें १८० किलोमीटरांची वाट तुडवीत आलीं होतीं, आणि मुंबईची वेस ओलांडतांच त्यांचें पाऊल पडलें तें मुलुंडांत. अखिल भारतीय किसान सभेनें काढलेल्या त्या मोर्चांत नाशिक, ठाणें, पालघर या जिल्ह्यांतील आदिवासींचा मोठा भरणा होता. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या वनजमिनी आपल्या नांवें व्हाव्या, ही त्यांची एक मुख्य मागणी. पूर्व द्रुतगति मार्गावर दृष्टि पोहोंचेल तेथपर्यंत तांबड्या टोप्या आणि तांबडे झेंडे दिसत होते. कित्येकांच्या वहाणांचे अंगठे तुटले होते. कित्येकांच्या पायांत वहाणाहि नव्हत्या. शेजारच्या मंडळींबरोबर आम्हीहि पाण्याच्या बाटल्या, केळीं व बिस्किटांचे पुडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलों. आमच्या आत्याबाई, वय वर्षें ऐंशी, तीस वर्षें शाळेंत शिकवून निवृत्त झालेल्या, घरीं राहावयास तयार होईनात. त्यांनीं एका म्हाताऱ्या बाईच्या हातांत केळें ठेवलें, तिच्या खांद्यावरील झेंड्याकडे क्षणभर पाहिलें, आणि त्या पुटपुटल्या, “हा काकांचा झेंडा.”

आमच्या दहा वर्षांच्या कन्येनें लगेच विचारलें, “कोण काका?” कोणीच उत्तर दिलें नाहीं.

मोर्चा त्या दिवशीं सोमय्या मैदानावर विसावला. दुसऱ्या दिवशीं दहावीची परीक्षा होती. मुलांचा खोळंबा होऊं नये म्हणून तीं थकलेलीं माणसें रात्रींच उठून पुन्हां चालूं लागलीं आणि उजाडण्यापूर्वीं आझाद मैदानावर जाऊन बसलीं. ही हकीकत सकाळीं कळली तेव्हां आत्याबाईंनीं डोळ्यांस पदर लावला. परीक्षेचें मोल शिक्षिकेखेरीज कोणास कळणार? त्याच सायंकाळीं सरकारनें बहुतेक मागण्या मान्य केल्या. आमच्या घरांतला प्रश्न मात्र तसाच राहिला.

सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितल्यावांचून पुढील प्रवासाचा अर्थ लागणार नाहीं. आमच्या आजोबांस एक धाकटे भाऊ होते. १९४२ च्या ऑगस्टांत गवालिया टँकवरून ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि आजोबा कारागृहांत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस धाकटे आजोबा कॉलेज सोडून कम्युनिस्ट पक्षाचें ‘लोकयुद्ध’ साप्ताहिक गिरगांवच्या नाक्यावर उभे राहून विकूं लागले. जर्मनीनें रशियावर स्वारी केल्यानंतर त्या पक्षानें महायुद्धास लोकयुद्ध ठरविलें होतें, आणि ‘चले जाव’ चळवळीस त्याचा विरोध होता. एक भाऊ तुरुंगांत आणि दुसरा नाक्यावर! सुटून आल्यावर आजोबांनीं एकच वाक्य उच्चारलें म्हणतात, “त्याचें नांव या घरांत निघतां कामा नये.” तें निघालें नाहीं. आजोबा गेले, आमचे वडील गेले, गिरगांवचें बिऱ्हाड मोडून आम्ही मुलुंडास आलों, तरी तो नियम कुळाचारासारखा चालूच राहिला.

कन्या आतां कॉलेजांत इतिहास शिकते. गेल्या हिवाळ्यांत तिनें एके दिवशीं जाहीर केलें कीं, मुंबईच्या कम्युनिस्ट चळवळीच्या जागा दाखविणारी एक पायीं सहल गिरणगांवांत निघते आहे आणि तिनें चौघांचीं नांवें देऊनहि टाकलीं आहेत. चौथें नांव आत्याबाईंचें होतें. त्या नव्वदीला टेकलेल्या. पण घडीची चाकाची खुर्ची बरोबर घ्यावयाची, या अटीवर त्यांनीं आम्हां सर्वांच्या आधीं होकार दिला.

अशा सहली युरोपांत पुष्कळ निघतात. बर्लिन, प्राग, बुडापेस्ट या शहरांत कम्युनिस्ट राजवटीच्या खुणा प्रवाशांस हिंडवून दाखवितात. बुडापेस्टकरांनीं तर उतरविलेले पुतळे शहराबाहेर एका उद्यानांत मांडून १९९३ सालीं तें लोकांस खुलें केलें. परंतु तेथें हा पक्ष राज्यावर होता. त्याचे वाडे होते, पुतळे होते. म्हणून ते पाडावयासहि मिळाले. मुंबईंत तो कधीं राज्यावर बसलाच नाहीं. त्याचा सारा इतिहास मैदानांत, चाळींच्या जिन्यांवर, नाक्यांवर आणि भाड्याच्या खोल्यांत घडला. मैदानावरची सभा संपली कीं मैदान पुन्हां मोकळें! तेव्हां येथें पाहावयाचें थोडें आणि ऐकावयाचें फार.

रविवारीं सकाळीं साडेसातास चिंचपोकळी स्टेशनाबाहेर वीस-बावीस मंडळी जमली. वाट दाखविणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. १९८२ च्या संपापर्यंत ते एका गिरणीच्या साचेखात्यांत काम करीत. त्यांच्या हातांत ना नकाशा, ना ध्वनिक्षेपक. त्यांनीं पहिला प्रश्न केला तो असा: “आज रविवार. ही सुट्टी तुम्हांला दिली कोणी?” सारेच गप्प. मग त्यांनींच सांगितलें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संस्था स्थापिली, आणि त्यांच्या खटपटीनें १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. लोखंडे कम्युनिस्ट नव्हते, सत्यशोधक होते. पण पाया कोणी घातला तें आधीं सांगावें, मग मजल्यांविषयीं बोलावें, असा त्या गृहस्थांचा दंडक होता.

पुढचा मजला आमच्या ओळखीचा निघाला. २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि शिक्षेच्या वर्षास एक दिवस याप्रमाणें गिरणी कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. त्या वेळीं स्वित्झर्लंडांत राहत असलेल्या लेनिननें त्याच वर्षीं लेख लिहून मुंबईच्या कामगारांच्या या जागृतीची दखल घेतली. आमच्या दिवाणखान्यांत लोकमान्यांची तसबीर तीन पिढ्या आहे. त्या सहा दिवसांची मजुरी कोणाकोणाची बुडाली, हा प्रश्न त्या तसबिरीखालीं बसून आम्हांस एकदांहि सुचला नव्हता.

लालबागेंतून परळकडे जातांना एकेका गिरणीची जागा ते हातानें दाखवीत. जेथें भोंगा वाजत असे तेथें आज कांचेचे मनोरे आहेत, बाजारपेठा आहेत. “चिमण्या पडल्या त्याचं एवढं वाटलं नाही,” ते म्हणाले, “पण भोंगा बंद झाला, तेव्हां पहांटे जाग येईना. मुलं शाळेला उशिरा जायला लागलीं.”

परळच्या कामगार मैदानाजवळ त्यांनीं १९२८ चा संप सांगितला. मालकांनीं दोन साच्यांऐवजीं तीन साचे एका विणकऱ्यानें चालवावे, अशी नवी रीत घातली. म्हणजे कापड तितकेंच आणि माणसें कमी. एप्रिलच्या अखेरीस सुमारें दीड लाख कामगार बाहेर पडले, ते ऑक्टोबरपर्यंत परतले नाहींत. त्या संपांतच गिरणी कामगार युनियन, म्हणजे प्रसिद्ध लाल बावटा, जन्मास आली. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, घाटे हीं नांवें त्यांनीं घेतलीं, आणि त्यांच्या बरोबरीनें अर्जुन आळवे व गोविंद कासले हींहि घेतलीं. आळवे आणि कासले स्वतः गिरणींत काम करणारे. पुढल्या वर्षीं मार्चांत धरपकड होऊन मीरतचा खटला उभा राहिला, तेव्हां आरोपींच्या पिंजऱ्यांत जर्मनींत रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेले डॉ. गंगाधर अधिकारी आणि गिरणींतले आळवे शेजारीं शेजारीं होते. आमच्यासारख्या घरांतून कांहीं तरुण घर सोडून गेले, त्यांनीं नेतृत्व केलें, इतकें आम्हीं ऐकून होतों. परंतु सहा महिने उपाशीं राहण्याचें काम त्यांनीं एकट्यांनीं केलें नव्हतें. कोंकणांतील आणि घाटावरील बायकांनीं खानावळी चालवून, दागिने मोडून, गांवाकडून भाताचीं पोतीं आणून तो संप पोसला. उषाताई डांगे यांचें ‘पण ऐकतं कोण?’ हें आत्मवृत्त आमच्या सौभाग्यवतींनीं त्यानंतर मिळवून वाचलें आणि आम्हांसहि वाचावयास लाविलें.

येथेंच आत्याबाईंनीं खुर्चींतून हात वर केला. वर्गांत मुलांनीं करावा तसा तो हात होता, पण आवाज शिक्षिकेचा होता. “बेचाळीस सालीं तुमचा पक्ष कोठें होता?”

मंडळी चपापली. आम्हांसहि कानकोंडें झालें. गृहस्थांनीं मात्र प्रश्न टाळला नाहीं. ते म्हणाले, “बाई, हाच प्रश्न आमच्या चाळींत माझ्या वडिलांना विचारीत. काँग्रेसवाले शेजारी वर्षभर बोलत नव्हते. चूक झाली, असं पक्षांतल्या माणसांनींच पुढं म्हटलं. माझे वडील म्हणायचे, आम्हीं त्या काळांत धान्याच्या रांगा लावल्या, काळा बाजार करणाऱ्यांच्या वखारी धुंडाळल्या. पण देश रस्त्यावर उतरला तेव्हां आम्ही बाजूला होतों, हें रांगा लावून भरून निघत नाही.” थोडें थांबून ते म्हणाले, “तुमच्या घरांतलं कोणी होतं?” आत्याबाई म्हणाल्या, “दोघे होते. एक आंत, एक बाहेर.” आमच्या घराण्याची ही गोष्ट परक्या माणसांसमोर प्रथमच उच्चारली गेली, आणि ती दोन वाक्यांत मावली.

पुढें त्यांनीं परळ भागांतच १९४६ च्या फेब्रुवारींतील गोष्ट सांगितली. नाविकांच्या उठावास पाठिंबा म्हणून गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावर लष्कर उतरलें, आणि २२ तारखेच्या गोळीबारांत कमल दोंदे ही पक्षाची कार्यकर्ती ठार झाली. नंतर तावरीपाडा. येथील आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० च्या रात्रीं खून झाला. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पोटनिवडणुकीस उभ्या राहिल्या आणि १,६७९ मतांनीं पडल्या. गिरणगांवांतील लाल बावट्याचा उतार तेथून स्पष्ट दिसूं लागला. आणि शेवटीं १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागें घेतल्याचें कोणीं कधीं जाहीर केलें नाहीं. माणसेंच एकेक करून गांवीं गेलीं. त्या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते. ते घाटकोपरचे डॉक्टर. खाणकामगारांवर औषधोपचार करतां करतां ते कामगारांचे पुढारी झाले.

निरोप घेतांना त्या गृहस्थांनीं विचारलें, “तुम्ही मुलुंडचे ना? मग गोष्ट अर्धीच ऐकलीत. गिरणगांवांत जागा पुरेना, तेव्हां माणसं उपनगरांत गेलीं. उरलेली गोष्ट तुमच्याच बाजूला आहे.”

म्हणून पुढचा रविवार घाटकोपरचा. लालबहादूर शास्त्री मार्ग, ज्यास आमच्या आत्याबाई अद्याप आग्रा रोड म्हणतात, त्याच्या लगत चिरागनगरची वस्ती आहे. आम्हीं या रस्त्यानें आयुष्यभर बसमधून ये-जा केली; आंत कधीं पाऊल टाकलें नव्हतें. वस्तींतलाच एक तरुण शिक्षक पुढें होऊन आम्हांस गल्ल्यांतून घेऊन गेला. येथें अण्णाभाऊ साठे अनेक वर्षें राहिले. १९२० सालीं १ ऑगस्टला सांगली जिल्ह्यांतील वाटेगांवीं मातंग कुटुंबांत जन्म. शाळा जेमतेम दीड दिवसाची. लहानपणीं आईबापांबरोबर गांवाहून मुंबईपर्यंत पायीं प्रवास. हमाली, गिरणीकाम, मिळेल तें केलें. माटुंग्याच्या लेबर कँपांत पक्षाशीं संबंध आला आणि १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गवाणकर या शाहिरांबरोबर त्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें. स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारा हा शाहीर १९६१ सालीं रशिया पाहून आला आणि त्याचें प्रवासवर्णनहि त्यानें लिहिलें. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ ची. तिला राज्य शासनाचें पारितोषिक मिळालें, आणि ती अर्पण केली आहे बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस. एका हातीं लाल बावटा आणि दुसऱ्या हातीं ही अर्पणपत्रिका, यांत अण्णाभाऊंस कांहीं विसंगति वाटली नाहीं.

गल्ली इतकी अरुंद कीं आत्याबाईंची खुर्ची घडी करून हातांत घ्यावी लागली, आणि त्या त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. एका घरांतून चहा आला, दुसऱ्या घरांतून पाट आला. तरुण सांगत होता, “अण्णाभाऊंनीं ‘चिरागनगरचीं भुतं’ लिहिलीं तीं इथलीच माणसं. रशियांत त्यांचं नांव, आणि इथं पावसांत छप्पर गळायचं.” १८ जुलै १९६९ रोजीं गोरेगांवीं अण्णाभाऊ वारले, त्याच वर्षीं ऑगस्टांत अमर शेखहि गेले. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठीं या शाहिरांनीं गांवोगांव घसा फोडला, तो १९६० च्या १ मे रोजीं, कामगारदिनींच, स्थापन झाला. २०२२ सालीं मॉस्कोंतील एका ग्रंथालयांत अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला.

परततांना हमरस्त्यावर आल्यावर आत्याबाईंनीं थांबावयास सांगितलें. समोरच्या नव्या उंच इमारतीच्या जागीं पूर्वीं बैठ्या खोल्या होत्या, आणि त्यांतील एकींत आमचे धाकटे आजोबा राहत होते. १९४८ सालच्या धरपकडींत दोन वर्षें कारागृहांत काढून ते येथें आले आणि एका कामगार संघटनेच्या कचेरींत हिशेब लिहूं लागले. लग्न केलें नाहीं. आत्याबाई दर दिवाळींत शाळेतून परस्पर फराळ पोंचवीत. घरीं ठाऊक असे, पण विचारीत कोणी नसे. १९८४ सालीं ते गेले. “वस्तींतल्या लोकांनीं त्यांना खांदा दिला. अंगावर लाल बावटा होता,” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्या घरचे आम्ही तिघे रस्त्याच्या पलीकडे उभे होतों. मी, तुझे वडील आणि तूं.” आम्ही त्या वेळीं बारा वर्षांचे होतों. आम्हांस त्या दिवसाची इतकीच आठवण होती कीं, कोणा अनोळखी माणसाची प्रेतयात्रा पाहावयास वडिलांनीं आम्हांस घाटकोपरास कां आणलें, हें कोडें सुटलें नव्हतें.

तिसरा रविवार अंधेरीचा. नाट्यशास्त्राची एक विद्यार्थिनी आम्हांस हिंडविणार होती. येथील गोष्ट संपाची किंवा मोर्चाची नव्हे, गाण्याची. १९४३ च्या मे महिन्यांत कम्युनिस्ट पक्षाचें पहिलें अधिवेशन मुंबईस भरलें आणि त्याच दिवसांत, २५ तारखेस, भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. लोक त्यास इप्टा म्हणतात. बंगालांत त्या वर्षीं लाखों माणसें भुकेनें मरत होतीं. त्यांच्यासाठीं देशभर हिंडून निधि जमविणाऱ्या कलावंतांतून एक मध्यवर्ती पथक उभें राहिलें आणि अंधेरीच्या एका बंगल्यांत तें एकत्र राहूं लागलें. शांति बर्धन नृत्यें बसवीत. तरुण रविशंकर संगीत देत. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सर्वांच्या तोंडीं असलेली चाल त्यांनीं या पथकासाठींच १९४५ सालीं बांधली. वाचकहो, आपलीं मुलें शाळेंत जी चाल गातात ती या कम्यूनची देणगी आहे. बंगालचा दुष्काळ पायीं हिंडून चित्रांत उतरविणारे चित्तप्रसाद हेहि पुढें अंधेरींत एका लहानशा खोलींत वर्षानुवर्षें राहिले. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारनें जप्त करून जाळल्या होत्या. जुहूस जानकी कुटीर येथें कवि कैफी आझमी यांचें घर होतें. तेथें येण्यापूर्वीं त्यांनीं व शौकत आझमी यांनीं कम्यूनमध्येंच संसार केला.

हें सर्व त्या मुलीनें उत्तम सांगितलें. परंतु बंगला कोठें, असें विचारतां तिला एवढेंच म्हणतां आलें कीं, आपण त्याच्या आसपास कोठें तरी उभे आहोंत. चहूंकडे इमारती, वर मेट्रोचा पूल, खालीं रिक्षांची रांग.

तेव्हां आत्याबाई बोलूं लागल्या. १९४६ सालीं त्या आठ वर्षांच्या होत्या. आजीनें घरीं सांगितलें कीं आपण हळदीकुंकवास जातों, आणि चर्नी रोडला बी. बी. सी. आय. ची गाडी पकडून त्या मायलेकी अंधेरीस उतरल्या. आजीच्या पिशवींत दोन धोतरें आणि पितळी डब्यांत डिंकाचे लाडू. “मोठीं मोठीं झाडें होतीं. ओसरीवर अनवाणी बायका-पुरुष नाचत होते, एक जण ढोल वाजवीत होता. आणि मागल्या दारीं पुरुष भांडीं घांसत होते! मी तोंवर तसें पाहिलेंच नव्हतें. आई पदर तोंडाला लावून हंसत सुटली. काका धांवत आले. त्यांचें काम दिवे आणि पेट्या उचलण्याचें. गाणें त्यांना येत नव्हतें. त्यांनीं मला पेरू दिला आणि आईला विचारलें, ‘दादा कसा आहे?’ आई म्हणाली, ‘बरें आहे. तिकडूनहि विचारणें होतें. नांव तेवढें घेणें होत नाहीं.’”

त्या विद्यार्थिनीची वही उघडी होती, पण ती लिहिण्याचें विसरली होती.

त्या रात्रीं आत्याबाईंनीं माळ्यावरची एक पत्र्याची पेटी उतरवावयास सांगितली. धाकटे आजोबा गेल्यानंतर संघटनेच्या माणसांनीं ती त्यांच्या शाळेंत आणून दिली होती, आणि ‘जुन्या प्रश्नपत्रिका’ अशी चिठी डकवून त्यांनीं ती चाळीस वर्षें माळ्यावर ठेवली होती. आंत ‘लोकयुद्धा’चे पिवळे पडलेले अंक, एक लोंकरी मफलर, पथकाचें एक छायाचित्र, त्यांत मागल्या ओळींत, कोणाच्या तरी खांद्याआड, अर्धाच चेहरा दिसणारे एक तरुण गृहस्थ. सर्वांत खालीं तो पितळी डबा. लखलखीत घांसून कापडांत गुंडाळलेला. आपल्या घरांतील सर्व भांड्यांवर असतें तसें त्यावर नांव घातलेलें होतें, आमच्या आजोबांचें, संपूर्ण. अडतीस वर्षें तें नांव धाकट्या आजोबांच्या खोलींत होतें.

सौभाग्यवतींनीं दुसऱ्या दिवशीं छायाचित्र चौकटींत बसवून आणलें. तें कोठें लावावें याची चर्चा फारशी झाली नाहीं. खिळा ठोकतांना आत्याबाईंनीं आजोबांच्या तसबिरीपासून वीतभर अंतर सोडावयास लावलें. “इतकें अंतर कशाला?” कन्येनें विचारलें. “तेथें माझी तसबीर लागेल,” त्या म्हणाल्या, “नाहीं तर दोघे रात्रभर भांडत बसतील.”

चौघांच्या या सहलींत आम्हांस एकहि स्मारक पाहावयास मिळालें नाहीं, याची खंत प्रथम वाटली होती. आतां तितकी वाटत नाहीं. अंधेरीच्या त्या विद्यार्थिनीचा परवां निरोप आला आहे. पुढच्या रविवारीं तिच्या सहलींत नवीन मंडळी आहेत. बंगल्याच्या जागेपाशीं पोहोंचल्यावर पुढचा भाग आत्याबाईंनीं सांगावा, अशी तिची विनंति आहे. आत्याबाईंनीं ती मान्य केली आहे. बरोबर डिंकाचे लाडू न्यावयाचे आहेत, आणि ते त्याच डब्यांत.